यंत्र शाळेत आले, गुरुजींच्या ड्युटीचे काय?

(गुम्मिडिपूंडी येथे भरलेल्या कामगार शिक्षण शिबिरात महाराष्ट्रातील रेल्वे व टपाल प्रतिनिधींपुढे रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून काही प्रतिनिधींनी काल जेवणाच्या पंगतीत कुरबूर केली. वेतन आयोगावर बोला, पेन्शनवर बोला, रिकाम्या जागांवर बोला. शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत करणे हा युनियनचा विषय कधीपासून झाला, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देऊन टाकतो. कामाच्या जागी नवे यंत्र आले की काय काय होते, हे या देशात रेल्वे आणि टपाल कामगाराइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले आहे. शिक्षक हाही पगारावर जगणारा कामगारच. त्याच्या कामाच्या जागी आज यंत्र येते आहे, आणि त्या यंत्रापुढे बसलेले मूल आपल्या गँगमनचे, पॉइंट्समनचे, ग्रामीण डाक सेवकाचे आहे. युनियनने लक्ष घालायला एवढे कारण पुरे आहे.

शिबिर इथे भरले हेही बरेच झाले. चेन्नईच्या मूर मार्केट स्थानकातून उत्तरेकडे सुटणारी लोकल एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी करीत इथे येते. पुष्कळ लोकल इथेच संपतात. काही पुढे आरंबाक्कम, तडा करीत आंध्रात सुल्लूरपेट्याला जातात. येताना कवरैपेट्टै स्थानक आले तेव्हा आपले लोको पायलट बंधू खिडकीकडे सरकले. ११ ऑक्टोबर २०२४ चा बागमती एक्स्प्रेसचा अपघात तिथलाच. त्यावर उद्या बोलायचेच आहे, आज तो विषय नाही.

आज सांगायचे ते सुल्लूरपेट्याचे. श्रीहरिकोट्याला जायचे रेल्वे स्थानक ते. तिथून २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ नावाचा उपग्रह आकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला आपल्या देशाचा तो पहिला उपग्रह. एका चांगल्या शिक्षकाचा पाठ एकाच वेळी शेकडो वर्गांत दिसावा, खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाइतकेच मिळावे, असा हेतू होता, आणि हेतूला कोणी नाव ठेवणार नाही. २०१० साली त्या उपग्रहाचे काम थांबले. पुढे २०१३ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालात या योजनेच्या जमिनीवरच्या उणिवांवर बोट ठेवले गेले. उपग्रह वर गेला, फिरला, संदेश पाठवीत राहिला. शास्त्रज्ञांनी त्यांची पाळी चोख केली. अडले ते खाली: जोडणीत, कार्यक्रम तयार करण्यात, आणि ज्या खोलीत तो पाठ दिसायचा त्या खोलीत.

त्याआधीही एकदा हा प्रयोग झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले गेले. सोलापूरकरांच्या शेजारचा विजापूर जिल्हा त्यात होता. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम असे, आणि त्याच उपग्रहावरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले. जवळजवळ ५० हजार शिक्षकांनी ते घेतले. नुसता पडदा दाखवला नाही; हाताने करायचे प्रयोग होते, चर्चा होती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. मुद्दा एवढाच की पन्नास वर्षांपूर्वी या देशाने शिक्षकाला आधी शिकवायचे असते हे ओळखले होते. पुढच्या काळात यंत्रे वाढली आणि ते ओळखलेले मात्र मागे पडले.

आता आपल्या घरचे बोलू. १९८५ साली दिल्लीला आरक्षणाचा संगणक आला, मग तो मुंबई, मद्रास, कलकत्ता असा पसरला, आणि १९९९ पर्यंत देशभरची केंद्रे एकमेकांना जोडली गेली. त्याआधी आरक्षण कारकून जाडजूड वह्यांत हाताने नावे लिहीत, तक्ते हाताने तयार करीत. त्या काळात कामगार संघटनांनी संगणकाबद्दल प्रश्न उभे केले म्हणून आपली टवाळी झाली, अजूनही होते. ‘युनियनवाले प्रगतीचे वैरी’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे. आमचे मत उलट आहे. संघटनांनी त्या वेळी जे विचारले ते विचारलेच पाहिजे होते: किती माणसे कमी होणार? जी राहतील त्यांना कोण शिकवणार, कधी शिकवणार? डोळ्यांचे, पाठीचे काय? यंत्र बंद पडले तर रांगेतल्या माणसाच्या शिव्या कोणी खायच्या? बँकांच्या संघटनांनी तर १९८३ साली व्यवस्थापनाबरोबर यांत्रिकीकरणावर रीतसर करार केला. यंत्रे कुठे, किती आणि कोणत्या अटींवर, हे टेबलावर बसून ठरले. करार झाला म्हणून बँकेतला संगणक अडून राहिला नाही.

आपल्याकडे नवे यंत्र कसे येते ते आठवा. १९९५-९६ नंतर थ्री-फेज इंजिने आली. जुना ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, त्याला सरळ त्या केबिनमध्ये बसवले नाही. आधी प्रशिक्षण केंद्र, मग जाणत्या माणसाबरोबर फेऱ्या, मग सक्षमता प्रमाणपत्र, आणि ठराविक काळाने उजळणी. नवा सेक्शन असेल तर ‘लर्निंग रोड’ झाल्याशिवाय गाडी हाती येत नाही, आणि त्या फेऱ्यांत रात्रीची फेरीही असते, कारण दिवसा दिसणारा चढ रात्री वेगळा वाटतो. हा सगळा वेळ ड्युटीत धरला जातो. भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेत गेलेल्या कोणालाही विचारा. मेसच्या जेवणाबद्दल तो काहीही बोलेल, पण त्या दिवसांचा पगार कापला असे म्हणणार नाही.

आणि शिक्षकाचे? फळ्याच्या जागी काचेचा मोठा थोरला फळा येतो. कंपनीचा एक तरुण मुलगा दुपारी येतो, दोन तास बटणे दाबून दाखवतो, सह्या घेतो, चहा पिऊन जातो. झाले प्रशिक्षण. दुसऱ्या दिवशी बाईंनी साठ डोळ्यांसमोर ते यंत्र चालवायचे. लर्निंग रोड नाही, रात्रीची फेरी नाही, शेजारी बसणारा इन्स्ट्रक्टर नाही. उलट आठवड्याने साहेब तपासणीला येऊन विचारणार, ‘वापर किती झाला?’

टपालातल्या बंधूंना हे नवे नाही. २१ डिसेंबर २०१७ रोजी ‘दर्पण’ योजना सुरू झाली. देशातल्या सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरांत हातयंत्र द्यायचे होते. यंत्र चांगले होते, हे आपण नाकारत नाही. खेड्यातल्या म्हातारीचे पैसे जागच्या जागी मिळू लागले. पण रेंजसाठी टेकडी चढणारा डाक सेवक आपल्या सभेत येऊन बोलला आहे. २०२५ साली टपाल खात्याची नवी संगणकप्रणाली देशभर लागू झाली तेव्हा काउंटरसमोरच्या रांगा आपण पाहिल्या. रांगेतल्या माणसाला सर्व्हर दिसत नाही, त्याला काउंटरवरचा कारकून दिसतो. तसेच पालकाला शाळेतले वायरिंग दिसत नाही, त्याला गुरुजी दिसतात.

सोलापूर भागातल्या आमच्या एका ट्रॅकमन बंधूच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. गावाचे नाव सांगत नाही, कारण असली गावे तालुक्यागणिक सापडतील. गावाने वर्गणी काढली, आपल्या सभासदांनीही शंभर-दोनशे घातले, आणि शाळेत मोठा टीव्ही आला. फीत कापली, फोटो निघाला. आम्ही काही महिन्यांनी गेलो तर टीव्ही लोखंडी कपाटात, कुलूपबंद. आमच्यातला एक जण चटकन बोलला, ‘बाई, आम्ही पैसे दिले ते कपाटात ठेवायला का?’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, डेडस्टॉक रजिस्टरला सही माझी आहे. उद्या मोडला, चोरीला गेला, तर वसुली कोणाकडून होईल?’

बंधूंनो, ज्याने टी अँड पी सांभाळली आहे, हत्यारांच्या नोंदीवर सही केली आहे आणि एक जॅक कमी भरला म्हणून पगारातून कपात सोसली आहे, त्याला बाईंचे म्हणणे दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागणार नाही. तो बोलणारा सभासद गप्प बसला. मग बाईंनी पुढचे सांगितले. शाळेला दोन शिक्षक, वर्ग चार. वीजबिल थकले की जोडणी जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. खोलीत अर्थिंग नाही, एक पोरगी प्लगला हात लावून दचकली होती. आणि टीव्ही लावलाच, तर तिसरीची मुले बघतात तेव्हा पहिलीची मुलेही तिकडेच बघतात, कारण भिंत नाही. हे सगळे टीव्ही न वापरण्याचे बहाणे नाहीत. सिग्नल मेंटेनर फेल्युअर रजिस्टरमध्ये जसे कारण लिहितो, तशी ही कारणे आहेत. फरक इतकाच की शाळेत फेल्युअर रजिस्टर नसते. सिग्नल बिघडला तर डिस्कनेक्शन मेमो निघतो, वेळ नोंदली जाते, माणूस येतो, जोडून देतो, पुन्हा सही होते. शाळेतले यंत्र बिघडले तर गुरुजी स्वतःच्या खिशातून तालुक्याच्या दुकानदाराला पैसे देतात, नाहीतर कपाट.

बाई तरीही काय करतात ते ऐका. स्वतःचा मोबाइल आणि बाजारातून आणलेला एक लहानसा स्पीकर. पहिलीच्या मुलांना कोपऱ्यात बसवून गोष्ट लावून देतात, आणि ती ऐकतात तोवर तिसरीच्या मुलांना हातचा घेऊन वजाबाकी शिकवतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड त्या याच कामाला वापरतात. दोन शिक्षकी शाळेत तंत्रज्ञानाचा आम्ही पाहिलेला सर्वांत उत्तम उपयोग हा. मोठ्या काचेच्या फळ्यापेक्षा तो मोलाचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्यात सरकारचे काय आहे? फोन बाईंचा, रिचार्ज बाईंचा, स्पीकर बाईंचा. आपल्याला प्रशासन सीयूजी सिम देते, लॉबीत यंत्र देते. शिक्षकाला मात्र हजेरी, पोषण आहार, गणवेश, चाचण्यांचे गुण, सगळे स्वतःच्याच फोनवरून भरायचे असते.

हा दुसरा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने जास्त गंभीर. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर भरायची. सर्व्हर दिवसा चालेना म्हणून शिक्षक रात्री सायबर कॅफेत बसले. इथे तमिळनाडूत त्याच जातीचे ‘एमिस’ आहे. २०२३ साली इथल्या प्राथमिक शिक्षक संघटनांच्या संयुक्त कृती समितीने आंदोलन केले तेव्हा ‘एमिस’च्या कामातून सोडवा ही त्यांची एक मागणी होती. समोर बसलेले पाहुणे त्याबद्दल आमच्यापेक्षा अधिकाराने बोलतील. आम्ही एवढेच म्हणतो की शाळेत तंत्रज्ञान दोन दारांनी येते. एका दाराने ते मुलाकडे जाते, दुसऱ्या दाराने साहेबाकडे. सध्या दुसरे दार सताड उघडे आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. माहिती भरण्याचे काम त्यात कुठे बसते, हे एकदा लेखी विचारायला हवे.

आता कोणी म्हणेल, सगळे रडगाणेच गाता, जिथे जमले त्याचे बोला. बोलतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी आता सर्वांना ठाऊक आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी क्यूआर कोडचे कौतुक केले ते योग्यच. पण त्याआधीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. त्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्यांना न कळणाऱ्या भाषेत होती. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकातला मजकूर मुलांना कळेल अशा भाषेत आणला, आणि मग त्याला आवाज-चित्रांची जोड देण्यासाठी कोड आले. गाठ कुठे आहे ते आधी सापडले, हत्यार नंतर. मेकॅनिक माणसाला हे सांगायला नको. पाना आधी उचलून मग बोल्ट शोधणारा नवखा असतो. पुढे परदेशी अभ्यासवृत्तीसाठी याच गुरुजींच्या रजेवरून २०२२ साली किती वाद झाला तेही आपण वाचले. त्या वादात आम्हाला आज शिरायचे नाही, पण शिकायला जायची रजा हा आपल्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

ही भाषेची गाठ इथे गुम्मिडिपूंडीतही आहे. स्थानकाच्या बाहेर पडलात की सिपकॉटची औद्योगिक वसाहत, पोलादाचे आणि रोलिंगचे कारखाने. तिथे बिहार, ओरिसाकडचे मजूर काम करतात. आंध्रची हद्द हाकेच्या अंतरावर, म्हणून घरात तेलुगू बोलणारी कुटुंबे पुष्कळ. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणीही इथेच आहे. अशा गावातल्या वर्गात शिक्षिका तमिळमध्ये ‘पुस्तक उघडा’ म्हणते तेव्हा एखादे ओडिया पोर नुसते शेजाऱ्याकडे पाहते. त्याच्या आईच्या आवाजात चार शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवले, तर त्याला महागडा फळा लागत नाही. ते करायला शिक्षिकेला एक मोकळा तास आणि ते कसे करतात हे दाखवणारी दुसरी शिक्षिका लागते. आपल्या दौंड, मनमाड, कुर्ला इथल्या रेल्वे वसाहतींमागच्या शाळांत चित्र फारसे निराळे नाही.

दुसरी शिक्षिका म्हणालो ते जाणूनबुजून. केरळात २००१ साली ‘आयटी अॅट स्कूल’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी प्रशिक्षक कंपनीकडून आणले नाहीत, शिक्षकांतूनच निवडले. प्रत्येक शाळेत एका शिक्षकावर संगणकाची जबाबदारी रीतसर सोपवली. पुढे परवान्याचे पैसे न लागणारी मुक्त प्रणाली स्वीकारली, म्हणजे जे शिक्षकांनी शिकले ते कंपनी बदलली तरी वाया जाऊ नये. २०१८ साली आठवी ते बारावीच्या सुमारे ४५ हजार वर्गखोल्यांत संगणक आणि प्रोजेक्टर बसवले, आणि पुरवठ्याच्या करारातच लिहिले की ठरल्या दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुरवठादाराला दंड. शाळेतल्या मुलांचीच मंडळे केली आणि त्यांना यंत्रांची देखभाल शिकवली. करोनाच्या वर्षी, १ जून २०२० रोजी, त्यांच्या ‘व्हिक्टर्स’ वाहिनीवर पाठ सुरू झाले ते या तयारीवर. ही वाहिनी मुळात २००५ साली ‘एज्युसॅट’च्या आधाराने निघाली होती. उपग्रह गेला, वाहिनी टिकली, कारण खाली माणसे तयार होती. केरळात सर्व सोन्याचे आहे असे नाही. पण सुल्लूरपेट्याच्या त्या उपग्रहाचे कुठे काय झाले हे ज्याला तपासायचे आहे त्याने दोन्ही बाजू पाहाव्यात.

महाराष्ट्राने मधल्या काळात निराळी वाट धरली. माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले, सुमारे आठ हजार शाळांत, पण बांधा-चालवा-हस्तांतरित करा या पद्धतीने, कंपन्यांमार्फत. संगणक शिक्षक कंत्राटी. कराराची मुदत संपली की शिक्षक घरी, आणि कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. ते तरुण आझाद मैदानावर किती दिवस बसले ते मुंबईच्या प्रतिनिधींनी डोळ्यांनी पाहिले आहे. पाच वर्षे शिकवून तयार झालेला माणूस घरी पाठवायचा आणि पुन्हा नव्या यंत्राची निविदा काढायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

तेव्हा एक भीती स्पष्ट बोलून दाखवतो, कारण इथे आपलीच माणसे आहेत. पॅनल आले, रूट रिले आले, केबिन बंद झाल्या. लिव्हरमन, केबिनमन ही पदे कुठे गेली ते आपल्याला ठाऊक आहे. काहींना दुसरीकडे सामावून घेतले, पण जागा सरेंडर झाल्या त्या झाल्याच. महाराष्ट्रात २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. उद्या कोणी म्हणेल, पडद्यावर उत्तम शिक्षक शिकवतो आहे, मग वाडीवर दुसरा शिक्षक कशाला? हे वाक्य उच्चारले जाण्याआधी आपण हजर असले पाहिजे. सहा वर्षांच्या पोराला पेन्सिल कशी धरायची हे पडदा सांगू शकतो, पण त्याचा हात धरू शकत नाही. म्हणून यंत्राच्या बदल्यात पद जाणार नाही, हे लेखी हवे. तोंडी आश्वासनांची किंमत आपल्याला नव्याने शिकायची नाही.

सभासदांच्या मनात आणखी एक आहे, तेही झाकून ठेवत नाही. ‘शिक्षकांना पगार भरपूर, सुट्ट्या भरपूर, त्यांची कशाला वकिली?’ असे आपल्याच शाखांत बोलले जाते. मग मुलाला शेजारच्या खाजगी इंग्रजी शाळेत घालायचे, कारण तिच्या फलकावर ‘डिजिटल क्लासरूम’ लिहिले आहे. त्या शाळेतल्या शिक्षिकेला किती पगार हातात मिळतो आणि तिने यंत्राचे किती प्रशिक्षण घेतले, हे एकदा प्रवेशाच्या वेळी विचारून पाहा. फी भरणाऱ्याला विचारायचा हक्क आहे.

मग आपण काय करायचे? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. आपले किती सभासद, त्यांच्या घरच्या किती भगिनी त्या समित्यांवर आहेत? जे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात: शाळेत कोणते यंत्र आहे आणि ते कधीपासून बंद आहे; वीजबिल कोण भरते; आणि प्रामाणिक वापरात यंत्र मोडले तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही असा ठराव. हा तिसरा ठराव झाला की निम्मी कपाटे उघडतील. तो वरिष्ठ कार्यालयाने मानला नाही तर ते पत्र आमच्याकडे पाठवा.

सिग्नल-दूरसंचार आणि इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झालेले कितीतरी हात आपल्याकडे मोकळे आहेत. शाळेचे वायरिंग, अर्थिंग एकदा तपासून लेखी अहवाल द्यायला त्यांना अर्धा दिवस लागेल. तपासून द्यावे; दुरुस्ती मात्र फुकट करू नये. ती जिल्हा परिषदेने पैसे देऊन करून घ्यावी. आपण फुकट करू लागलो तर एका इलेक्ट्रिशियनची रोजी मारू, आणि प्रशासनाला सवय लावू ती वेगळीच.

एका उत्साही बंधूने सुचवले की रेल्वे इन्स्टिट्यूटचे सभागृह दर रविवारी शिक्षकांच्या संगणक वर्गाला द्यावे. सभागृह जरूर द्यावे. रविवार नाही. रविवारचे प्रशिक्षण म्हणजे बिनपगारी ओव्हरटाइम, आणि ते आपण दुसऱ्यासाठी मागू शकत नाही. महाराष्ट्रात केंद्र पातळीवर शिक्षकांची शिक्षण परिषद कामाच्या दिवशी भरते. बऱ्याच ठिकाणी तिथे परिपत्रके वाचली जातात. तो वेळ एका शिक्षकाने दुसऱ्याला पाठ दाखवण्यासाठी द्यावा, ही मागणी शिक्षक संघटनांनी करावी आणि आपण तिला पाठिंब्याचे पत्र द्यावे. सोलापूरच्या त्या बाईंनी मोबाइल आणि स्पीकरची युक्ती केंद्रातल्या वीस शिक्षकांना दाखवली, तर कंपनीच्या मुलाची गरज उरणार नाही. आणि बाईंचा प्रवासखर्च मिळाला पाहिजे. होय, तोही लिहून घ्या.

राहता राहिली प्रश्नावली. ती मराठीत छापून आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीजवळच्या निदान दोन शाळांत जाऊन, शिक्षकांना विचारून, त्यांचे नाव न घालता ती भरायची आहे. भरलेले कागद विभागीय सचिवांकडे द्यावेत, शाखा पातळीवर ठेवू नयेत. टपालाच्या बंधूंनी खेड्यातल्या शाळा घ्याव्यात, कारण तिथवर रोज जाणारा माणूस त्यांचाच आहे.

आता इथल्या शिक्षक भगिनी ‘एमिस’च्या कामाचा आपला अनुभव तमिळमधून सांगतील. चेन्नई विभागातले आपले बंधू त्याचा हिंदीत अनुवाद करणार आहेत. पाच पन्नासची लोकल ज्यांना गाठायची आहे त्यांनी कृपया पुढच्या दाराशी बसावे, मधे उठू नये.